नानांचा निर्णय बरोबर होता

पत्त्यांत हरलेला माणूस आमच्याकडे दोनच गोष्टी करतो. पिसणाऱ्याच्या हाताला नावं ठेवतो, नाहीतर उठून जागा बदलतो. नाना तिसरी गोष्ट करतात. चष्मा पुसतात, वही काढतात आणि हरण्याचं कारण लिहून ठेवतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं : ‘निर्णय बरोबर, निकाल चूक.’ खाली तारीख, वेळ आणि सही. सही कशाला, असं विचारण्यात अर्थ नाही. औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये दर तासाला रीडिंग लिहिण्यात ज्याची नोकरीची वर्षं गेली, तो किराण्याच्या यादीखालीही सही करतो.

नाना म्हणजे काही एकटे आमचेच नाहीत. हातात घेतलेली गोष्ट कितीही फुटकळ असो, तिचा अभ्यासक्रम आखल्याशिवाय ज्याला झोप लागत नाही, असा एक नाना प्रत्येक वसाहतीत असतो. कुणाचे नाना होमिओपॅथीच्या गोळ्यांत अडकतात, कुणाचे शेअर बाजारात, कुणाचे गच्चीवरच्या टोमॅटोत. आमच्या नानांच्या वाट्याला पोकर आला. तोही मोबाइलवरचा, तोही एक-दोन रुपयांचा.

भुसावळहून नागपूर रस्त्याला लागलं की फेकरीच्या पुढे औष्णिक केंद्राच्या ज्या चिमण्या दिसतात, ते दीपनगर. इथे दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट कधीकधी संध्याकाळपर्यंत करडा होतो. नवा माणूस तो पुन्हा धुतो. नानांनी नोकरीच्या सुरुवातीलाच सगळे शर्ट करडे शिवून घेतले आणि विषय संपवला. हा माणूस पुढे काय करणार, हे खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

पत्ते मात्र नानांच्या रक्तात होतेच. यावल तालुक्यातलं गाव, शेतीवाडी, मोठी भावकी. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, सालदाराचं साल त्या दिवसापासून धरतात आणि पुरुष माणसं आमरस-पुरणपोळी खाऊन पत्त्यांना बसतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा वारकरीही त्या दिवशी एखादी चाल टाकतो आणि पोलीसही त्या दिवशी जरा लांबून जातात, असा समज आहे. त्या बैठकीत नाना म्हणजे वाघ. तीन पत्तीत पानं न बघता ब्लाइंड खेळायचे. समोरच्याने चाल केली की हे दुप्पट. कधी जिंकायचे, बहुतेकदा हरायचे. पण गावात जिंकल्याच्याच गोष्टी सांगितल्या जात. भुसावळ-जळगाव अप-डाऊन करणाऱ्यांच्या डब्यात, चार गुडघ्यांवर पसरलेल्या रुमालावरही नानांची कीर्ती पोचलेली होती.

२०२० च्या टाळेबंदीत सगळा देश घरी बसला, पण वीज लागतच होती, म्हणून नाना कामावर जात होते. पुण्याचा मुलगा मात्र लॅपटॉप घेऊन दीपनगरला आला होता. त्याने बापाच्या मोबाइलवर पोकर घालून दिला. खेळ सांगायला सोपा : प्रत्येकाला दोन पानं झाकून, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी, सातांतून पाचांचा उत्तम हात ज्याचा त्याचा ढीग. एक-दोन रुपयांच्या टेबलावर दोनशे रुपये घेऊन बसायचं. नानांनी पहिले काही दिवस आखाजीची चाल चालवली. प्रत्येक डावात उडी. दोनशे गेले, पुन्हा दोनशे गेले. मग मुलगा म्हणाला, “बाबा, शंभरातले वीस-बावीस डाव खेळायचे. बाकीचे टाकून द्यायचे.”

“आणि त्या अठ्ठ्याहत्तर डावांत मी काय करायचं?”

“बघत बसायचं.”

इथे नानांचं नशीब उघडलं, असं मी म्हणेन. नानांना नशीब हा शब्द चालत नाही. काटे आणि पडदे यांच्याकडे रात्रभर बघत राहायचं आणि काहीही घडलं नाही तर पाळी चांगली गेली असं समजायचं, हाच तर त्यांचा धंदा होता. पोकर शिकणाऱ्या पोरांना जी गोष्ट वर्षानुवर्षं जमत नाही, ती या माणसाला सरकारी पगारावर आधीच शिकवून झाली होती.

मग अभ्यास सुरू झाला. पहिल्या दोन पानांच्या जोड्यांचे प्रकार १६९. त्याचा तेरा बाय तेरा चौकटींचा तक्ता नानांनी स्केचपेनने रंगवून स्वयंपाकघराच्या दाराआड, कॅलेंडरच्या खाली लावला. हिरव्या चौकटी खेळायच्या, पिवळ्या जागा बघून खेळायच्या, लाल टाकायच्या. वहिनींच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, भिशीतल्या बायकांना तो भिशीचाच तक्ता वाटला आणि दोघींनी आपलं नाव कुठल्या चौकटीत आहे ते विचारलं. एक्का-एक्का २२१ डावांत एकदा येतो, हे नाना पोळी वाढून घेता घेता सांगत. हातात जोडी असली तर मध्ये पहिली तीन पानं उघडल्यावर तिसरं तसलंच पान साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतं, हे मी त्यांच्याकडून पिठाच्या गिरणीत ऐकलंय. सत्ती-दुर्री म्हणजे सगळ्यांत वाईट पानं, एवढं आता आमच्या अख्ख्या इमारतीला माहीत आहे. कुणाचं स्थळ मोडलं की बायका म्हणतात, “सत्ती-दुर्रीच होती ती.”

पण नानांचा खरा जीव अडकला तो एका हिशेबात. समजा, तुमच्याकडे बदामाची चार पानं झाली, पाचवं हवं आहे आणि दोन पानं उघडायची आहेत. लागण्याची शक्यता पस्तीस टक्के. ढिगात शंभर आहेत आणि समोरच्याने आपले शेवटचे पन्नास लावले. तुम्ही पन्नास भरलेत तर ढीग दोनशेचा. म्हणजे चारांत एकदा जिंकलं तरी पैसे वसूल, आणि तुम्ही तर तीनांत एकदा जिंकताय. भरा! नाना हे चहाच्या टपरीवर चमच्यांची मांडणी करून समजावत. शेवटी हाताची घडी घालून म्हणत, “आता समज, हरलो. निर्णय बरोबर होता का नव्हता?”

वहिनींनी हे सगळं एकदा शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “शंभरातून पासष्ट वेळा हरायचं आणि तरी बरोबर म्हणायचं. असं मला माहेरी कुणी शिकवलं नव्हतं, नाहीतर मीही बोलले असते.”

ही ‘निकाल नको सांगू भो, निर्णय सांग’ची पट्टी नाना मग सगळीकडे लावू लागले. पुतण्या परीक्षेत नापास झाला, तर नानांनी आधी विचारलं की कुठले धडे सोडले आणि का सोडले. उत्तर ऐकून म्हणाले, सोडलेले धडे बरोबर होते, पेपर काढणारा ‘सैल’ होता, म्हणजे कुठलीही पानं खेळणारा. पुतण्याने आनंदाने तेच वडिलांना जाऊन सांगितलं आणि त्या घरून नानांना महिनाभर बोलावणं आलं नाही. बाजारात बामणोदची भरिताची वांगी घेताना भाजीवालीने भाव सांगितला की नाना पाच सेकंद गप्प. या गप्प बसण्याला म्हणे फार किंमत असते. भाजीवाली पाचव्या सेकंदाला दुसऱ्या गिऱ्हाइकाची वांगी तोलायला घ्यायची. वहिनी मागून येऊन “दे गं दोन किलो” म्हणायच्या आणि वर हिरव्या मिरच्या फुकट घ्यायच्या.

पोकरमध्ये शेवटी बोलणाऱ्याचा फायदा असतो. आधीच्यांनी काय केलं ते त्याला दिसतं. नानांनी हे वसाहतीच्या गणेशोत्सवाच्या मीटिंगला लावलं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प राहिले. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा सगळे चहाला उठले होते. नाना मांडवाच्या खर्चावर एकटेच खुर्च्यांशी बोलले. तरी वहीत नोंद झालीच : जागा बरोबर.

थापा मारणं त्यांनी फार लवकर सोडलं, आणि नवशिक्यांत हे दुर्मीळ. पोकर म्हणजे थंड चेहऱ्याने थाप मारणं, असं सिनेमा बघून आलेल्या प्रत्येकाला वाटतं. दोन रुपयांच्या टेबलावर थापेला कुणी घाबरतच नाही. “ज्याला पानं टाकून पॅक करणं माहीतच नाही, त्याला तू भीती कशाची घालशील?” नाना विचारत. चांगली पानं आली की पैसे लावायचे, नाही आली की टाकायची, समोरचा कुतूहलापोटी भरतोच. एवढंच. या ‘एवढंच’पाशी यायला त्यांना एक अख्खा पावसाळा लागला. पुतण्याने त्यांना स्फूर्ती म्हणून अमेरिकेतल्या ख्रिस मनीमेकरची गोष्ट सांगितली. हा साधा अकाउंटंट ऑनलाइन स्पर्धेतून पुढे आला आणि २००३ साली लास व्हेगासला जागतिक स्पर्धा जिंकून पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला. नानांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “त्याने डाव किती टाकून दिले, ते लिहिलंय का कुठे?” त्यापेक्षा एमआयटीसारख्या संस्थेत २०१५ साली पोकरवर व्याख्यानं झाली, ही बातमी त्यांना जास्त रुचली. ती त्यांनी वहिनींना मोठ्याने वाचून दाखवली. वहिनी म्हणाल्या, “मग तिकडे मेस असेल ना?”

पैशांबाबत नाना कडक. सहा हजारांचे तीस भाग पाडले, कारण एका टेबलावर तिसाव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊन बसायचं नाही. घरात मे महिन्यात कूलरचा वाळा बदलायचा राहिला होता, भुसावळचा पारा पंचेचाळिसाला टेकला होता आणि हे सहा हजार खात्यात गार पडून होते. वहिनींनी विषय काढला, तर म्हणाले, “ते पैसे नाहीत. ती हत्यारं आहेत.” वहिनी म्हणाल्या, “हत्यारांनी वारा घाला मग.” दुसऱ्या दिवशी वाळा आला. पैसे कुठल्या हिश्शातून गेले, त्याची नोंद वहीत सापडत नाही. त्या पानावर फक्त सही आहे.

हरल्यावर डोकं फिरणं, मग हरलेले पैसे भरून काढायला आणखी मोठा डाव, मग आणखी मोठा. नवशिक्याचं दिवाळं बहुधा इथेच निघतं. नानांनी यावर वीज केंद्रातल्या संचाचा नियम लावला. दोन वेळचे दोनशे गेले की ट्रिप, म्हणजे बिघाड झालेल्या संचासारखा खेळ बंद. “ट्रिप झालेला संच लगेच लोडवर घेत नाहीत भो. आधी का ट्रिप झाला ते बघतात.” एकदा रात्री एक्का-एक्का हातात असताना समोरच्याची सत्ती-दुर्री मध्ये दोन सत्त्या लागून जिंकली. मी समोर बसलो होतो. नानांनी मोबाइल पालथा ठेवला, गॅलरीत गेले, चिमणीच्या दिव्यांकडे बघत उभे राहिले. आत आले आणि म्हणाले, “माणूस चांगला खेळतोय.” “कोण?” “मी.”

या काळातली एक गोष्ट नाना स्वतः सांगत नाहीत, म्हणून मला सांगायला हवी. प्रत्येक भिडूच्या नावापुढे ते बारीक टीप लिहून ठेवत : ‘अकरानंतर सैल’, ‘पगाराच्या आठवड्यात सगळं भरतो’, ‘हसरं चित्र टाकलं की पानं भारी’. त्यांत एक भिडू होता. तो रात्री ठरावीक वेळेला घाईघाईत आपले सगळे पैसे लावून मोकळा व्हायचा आणि नाहीसा व्हायचा. एक आठवडा असं होई, पुढच्या आठवड्यात नाही. नवख्याला हा वेडा वाटला असता. नानांनी वेळा मांडल्या आणि त्यांच्या लक्षात आलं : ही शेतीपंपाच्या थ्री फेजची पाळी आहे. रात्रीची वीज आली की हा माणूस मोटार चालू करायला मळ्यात जातो. रावेर-यावलकडचा केळीवाला असावा, हा नानांचा कयास. नाव-गाव दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं.

आता हिशेबाने पाहिलं तर यासारखं गिऱ्हाईक नाही. वीज यायच्या आधी दहा मिनिटं थांबायचं, चांगली पानं धरून बसायचं, तो पैसे टाकणारच. नानांनी दोन-तीनदा तसं केलंही. नंतर त्या नावापुढची टीप मला वहीत दिसली : ‘थ्री फेजच्या आधी याच्याशी खेळू नये.’ मी कारण विचारलं. नाना बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “वीज आपण करून राह्यलो. त्याला उठवायचं आपण आणि त्याचे पैसेही आपणच घ्यायचे?” एमआयटीत हे शिकवत असतील असं वाटत नाही.

तर या सगळ्यातून नानांनी कमावलं किती? एकदा ते दोन-पाचच्या टेबलावर चढले, तेव्हा घरी पेढे आले. वहिनींनी विचारलं, “पगार किती वाढला?” “पगार नाही, टेबल वाढलं.” गावाकडच्या अड्ड्यावर मालक जशी प्रत्येक डावातून नाल काढतो, तशी मोबाइलवरही कंपनी ढिगातून नाल कापायची, आणि लहान टेबलावर ती जास्त बोचायची. चांगलं खेळून नाना जे मिळवत, त्यातलं बरंचसं या नालेत जाई. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसला. शंभर भरले की खेळायला अठ्ठ्याहत्तर रुपये बारा पैसे. काही कंपन्या तो फरक बोनस म्हणून देऊ लागल्या, पण दिवाळीच्या सानुग्रहाची वाट बघण्यात हयात गेलेल्या माणसाचा बोनस या शब्दावर विश्वास नसतो. जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर आधीच कापला जाई. महिन्याला शंभर रुपयांपर्यंत निव्वळ जिंकलं तर तो कापत नसत. नानांचा तो कर कधीच कापला गेला नाही. हे ते अभिमानाने सांगत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की यांनी काहीतरी पळवाट शोधून काढली असावी.

वहीप्रमाणे ते किंचित फायद्यात होते. वहिनींनी त्यातून नवा चष्मा, पॉवर बँक आणि पेढे वजा केले. तेव्हापासून वही वरच्या फळीवर असते.

मधल्या एका आखाजीला नाना गावी गेले, सोबत मीही. भावकीने मोठ्या हौसेने त्यांना मध्ये बसवलं. वाघ आला म्हणून पोरं कडेने उभी राहिली. पहिला डाव : नानांनी पानं बघितली. बैठकीत कुजबुज झाली, कारण नानांनी पानं बघितलेली कुणी पाहिली नव्हती. “पॅक.” दुसरा डाव, पॅक. तिसरा, पॅक. आमरसाची झापड चढली, झोक्यावरच्या पोरी थकून घरात गेल्या, नाना पॅकच करून राह्यले. मध्येच त्यांनी सांगितलं की ट्रेल, म्हणजे तिन्ही पानं सारखी, ४२५ डावांत एकदा येते आणि तीन एक्के ५,५२५ डावांत एकदा. थोरला चुलतभाऊ म्हणाला, “मग तोवर आम्ही काय, मोजत बसू?” शेवटी एकदाची नानांनी चाल केली आणि एका क्षणात सगळ्यांनी पानं खाली टाकली. ज्याने तीन तास काही केलं नाही, तो आता काही करतोय म्हणजे हातात काय असणार, हे कळायला कुणाला तक्ता लागत नव्हता. बुटाचे, म्हणजे डावाआधी सगळ्यांनी टाकलेले, पाच-सात रुपये नानांच्या पदरात आले. त्यांच्याकडे पक्की सिक्वेन्स होती. ती त्यांनी सगळ्यांना उघडून दाखवली. कुणी बघितली नाही.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, “नाना, पूर्वी मजा यायची.” ते म्हणाले, “पूर्वी मी हरायचो भो.” मग जरा वेळाने : “सगळ्यांना आवडायचं ते.”

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशांची टेबलं पटापट बंद झाली. रमी कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं होतं, हे नानांना तोंडपाठ होतं. पण नव्या कायद्याने कौशल्य आणि नशीब असा भेदच ठेवला नाही. वसाहतीत दोन मतं पडली. कर्जात बुडालेल्या पोरांच्या बातम्या वाचलेल्यांना बरं वाटलं. नानांनाही बरं वाटलं, हे ऐकून मी चाट पडलो. “दहांतल्या नऊ जणांना पॅक करता येत नाही. त्यांच्यासाठी टेबलच उचललं पाहिजे. निर्णय बरोबर आहे.” आणि दहावा? यावर ते काही बोलले नाहीत. शिल्लक रक्कम बँकेत वळती करून घेतली आणि हिवाळ्यात त्या पैशांतून मळ्यात भरीत पार्टी दिली. कळण्याच्या पुऱ्या, भाजलेली वांगी, ओल्या कांद्याची पात. जेवणानंतर कुणीतरी पत्त्यांचा कॅट काढला. नाना लगेच वांगी भाजलेल्या काड्या विझल्यात का ते बघायला गेले.

पण अभ्यासाशिवाय हा माणूस राहतो कुठला! पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्ती आहे. सध्या ब्रिज चालू झालाय. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये सुवर्णपदक आणलं आणि बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते, हे नानांनी मला जिन्यात गाठून सांगितलं. पैसे लागत नाहीत, कायदा आड येत नाही, निवृत्तीनंतर दोन वर्षं तयारीला मिळतात. अडचण एकच. ब्रिजला चार माणसं लागतात आणि आखाजीची कीर्ती एव्हाना दीपनगरभर पोचली आहे.

काल रात्री दाराची बेल वाजली. नाना. हातात झेरॉक्सचा जाड गठ्ठा, वर तेरा बाय तेराचा नवा तक्ता. “तू माझा जोडीदार. आधी एवढं वाचून काढ, मग पत्त्याला हात लावू.” मी तोंड उघडण्याआधी आमच्या सौभाग्यवती पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “ते घरी नाहीत.”

नानांनी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. पाच सेकंद गप्प राहिले. मग गठ्ठा चपलांच्या रॅकवर ठेवला, वरच्या पानावर तारीख आणि वेळ घातली आणि माझ्यापुढे पेन धरलं. “पोच म्हणून सही कर.”